लिनक्स मशीनवरचे पासवर्ड किती तग धरतात ते तपासायचं कसं, आणि त्यात आपले सातारी-सांगलीकडचे शब्द का घालायचे

एक पासवर्ड घेऊ. अजिंक्यतारा@१२३, इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर कॅपिटल. लांबी भरपूर, कॅपिटल आहे, स्मॉल आहे, आकडे आहेत, चिन्ह आहे, म्हणजे ऑफिसातल्या नेहमीच्या नियमात हा फर्स्ट क्लासमध्ये पास. नेटवरून उतरवलेली इंग्रजी वर्डलिस्ट, म्हणजे अंदाज लावायच्या शब्दांची यादी, लावून टेस्ट केली तर तिला सापडेलच असं नाही, रिपोर्टमध्ये सगळं ओके येणार, साहेब खूश. आणि साताऱ्यात पोवई नाक्यावर चहा पिणारा कुठलाही पोरगा हा पासवर्ड पाच-दहा अंदाजांत सांगेल. टूल जगभर एकच आहे हो, पण त्याला खायला काय घालायचं ते आपलं आपल्यालाच ठरवायला लागतं, आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

मी साताऱ्यात छोट्या ऑफिसांची, क्लासेसची, एमआयडीसीतल्या वर्कशॉपवाल्यांची लिनक्स मशीनं बघतो, त्यामुळं खालचं सगळं त्या मापाचं आहे: वीस-चाळीस अकाउंट, एखादा सर्व्हर, आयटीचा वेगळा माणूस नाही. कमांड इथं आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच नेहमीसारख्या इंग्रजीत टाइप करा.

आधी परवानगी, ती पण लेखी

हे टाळू नका. मशीन तुमच्या स्वतःच्या मालकीचं असेल तर प्रश्नच नाही, पण ऑफिसचं, कॉलेजचं, पतसंस्थेचं असेल तर मालकाकडून किंवा जबाबदार अधिकाऱ्याकडून एक साधं पत्र घ्या: कुठलं मशीन, कुठल्या तारखेपासून कुठपर्यंत, टेस्ट कोण करणार, निकाल कुणाला दाखवणार, फाईली कधी पुसणार. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टीममधून डेटा काढला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि "मी चांगल्यासाठीच करत होतो" हे तेव्हा कुणी ऐकून घेत नाही. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या अकाउंटचा, पासवर्ड तुमच्याकडं आहे म्हणजे परवानगी आहे असं होत नाही.

पत्रात अजून एक ओळ टाकून घ्या, की सापडलेले पासवर्ड कुणालाच, म्हणजे साहेबांना सुद्धा, दाखवले जाणार नाहीत, फक्त अकाउंटची नावं दिली जातील. ही ओळ पुढं लय उपयोगी पडते.

काहीही न फोडता पहिल्या दहा मिनिटांत काय दिसतं

मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचं उलटं फिरवता न येणारं रूप ठेवतं, त्याला हॅश म्हणतात. हे हॅश असतात स्लॅश इटीसी स्लॅश शॅडो या फाईलमध्ये. प्रत्येक ओळीत कोलननं तोडलेले नऊ रकाने. पहिल्यात लॉगिन नाव, दुसऱ्यात हॅश, तिसऱ्यात पासवर्ड शेवटचा कधी बदलला तो दिवस, तोही १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या दिवसांच्या आकड्यात. दुसरा रकाना रिकामा असेल तर त्या अकाउंटला पासवर्डच नाही, ते लगेच बंद करा. तिथं तारा (*) किंवा उद्गारचिन्ह असेल तर पासवर्डनं लॉगिन होत नाही. उद्गारचिन्ह आणि त्याच्यामागं लांबलचक हॅश असेल तर अकाउंट लॉक आहे पण जुना पासवर्ड अजून तिथंच बसलाय, उद्या कुणी अनलॉक केलं की तोच चालू.

डेबियन-उबुंटूवर हे एका फटक्यात बघायचं असेल तर सुडो पासडब्ल्यूडी, पुढं डॅश कॅपिटल एस, डॅश ए. दुसऱ्या रकान्यात पी दिसलं तर पासवर्ड आहे, एल म्हणजे लॉक, एनपी म्हणजे पासवर्डच नाही. रेड हॅटच्या कुळात बऱ्याच व्हर्जनवर ही अक्षरं पीएस, एलके, एनपी अशी येतात आणि एकेका अकाउंटचं नाव देऊन बघावं लागतं.

मग ऑक या कमांडनं इटीसीमधल्याच पासडब्ल्यूडी फाईलमधल्या तिसऱ्या रकान्यात, म्हणजे अकाउंटच्या नंबरात, शून्य असलेल्या ओळी काढा. एकच यायला पाहिजे, रूटची. दुसरी कुठली आली तर पासवर्ड टेस्टिंग बाजूला ठेवा आणि आधी ती कुणी, कधी, कशाला काढली ते शोधा. शॅडो फाईलच्या परमिशनही बघून घ्या, डेबियनवर ६४०, मालक रूट आणि ग्रुप शॅडो, रेड हॅटवर सगळी शून्यं. मध्ये कुणीतरी "परमिशन डिनाइड येतंय" म्हणून ७७७ करून ठेवलेलं असतं, हसू नका, असतं.

आता हॅशची सुरुवात बघा, हॅश कुठल्या पद्धतीनं बनवलाय ते ती सांगते, कारण पुढचं सगळं वेळेचं गणित तिच्यावर आहे. डॉलर वाय डॉलर म्हणजे येसक्रिप्ट, डेबियन ११ पासून नवीन पासवर्डला हाच डिफॉल्ट, उबुंटू २२.०४ मध्ये पण. डॉलर सहा डॉलर म्हणजे एसएचए-५१२ वाला क्रिप्ट, डिफॉल्टला पाच हजार फेऱ्या, म्हणजे एकेका अंदाजाला तेवढ्यांदा तेच गणित. डॉलर टू बी डॉलर म्हणजे बीक्रिप्ट, ओपनबीएसडीवाल्यांचा, नव्वदच्या दशकातला आणि अजूनही दमदार. डॉलर एक डॉलर दिसलं तर एमडी५, हजार फेऱ्यांचा, ज्यानं तो लिहिला त्या पॉल-हेनिंग काम्पनंच २०१२ मध्ये जाहीर सांगितलं की आता हा वापरू नका. आणि डॉलर-बिलर काही नसून नुसती तेरा अक्षरं असतील तर तो जुना डीईएस, जो पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं बघतो. म्हणजे वरचा अजिंक्यतारा घेतला तर इंग्रजी स्पेलिंगमध्ये अजिंक्य संपून टी आला की तिथंच गाडी थांबते, पुढं @१२३ लावा नाहीतर अख्खी कविता लावा, काही फरक नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मशीन अपग्रेड केलं म्हणून जुने हॅश आपोआप नवे होत नाहीत. माणूस पासवर्ड बदलेल तेव्हाच नवा हॅश बनतो. त्यामुळं डेबियन १२ वर सुद्धा आठ वर्षांपूर्वीचा डॉलर सहा असलेला अकाउंट सापडतो, आणि तिसऱ्या रकान्यातली तारीख तेच सांगत असते. असे अकाउंट आणि सुडो ग्रुपमधले, म्हणजे रूटचे अधिकार वापरू शकणारे अकाउंट, या दोघांची वेगळी यादी करून ठेवा, टेस्टमध्ये यांचा नंबर पहिला.

फाईल काढायची आणि सांभाळायची

टेस्ट सर्व्हरवर चालवू नका. सीपीयू शंभर टक्क्यांवर जातो, बिलिंग अडकलं की सगळे तुमच्या नावानं खडे फोडणार. वेगळा लॅपटॉप घ्या, डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी, आणि टेस्ट चालू असेपर्यंत तो नेटवरून काढून ठेवा.

सर्व्हरवर आधी यूमास्क ०७७ करा म्हणजे नवीन फाईल दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही. मग पासडब्ल्यूडी आणि शॅडो या दोन्हींची कॉपी एसएसएच, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या रिमोट लॉगिनवरून लॅपटॉपला आणा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, मेलला अटॅच करणं, कॉमन पेनड्राइव्हवर टाकणं, यातलं काहीही करायचं नाही, कारण ही फाईल हातात असलेला माणूस घरी बसून निवांत अंदाज लावू शकतो, तीन चुकांनंतर अकाउंट लॉक होण्याची भानगड तिथं नसते.

लॅपटॉपवर अनशॅडो नावाची कमांड या दोन फाईली जोडून एक करते. दोन्ही कशाला, हॅश तर शॅडोतच आहेत की, असं वाटेल. पण पासडब्ल्यूडी फाईलमध्ये माणसाचं पूर्ण नाव, डिपार्टमेंट, होम फोल्डरचं नाव असतं आणि अंदाज लावायला पहिला कच्चा माल तोच आहे.

जॉन बसवणं, आणि तो खरंच चालतोय का हे बघणं

टूल म्हणजे जॉन द रिपर, ओपनवॉलच्या सोलर डिझायनरचं, १९९६ पासून चालत आलेलं. उबुंटूच्या नेहमीच्या रेपॉझिटरीत मिळतो तो छोटा कोअर जॉन. आपल्याला पाहिजे जंबो, म्हणजे त्याचीच मोठी आवृत्ती, तो स्नॅपमधून मिळतो, काली लिनक्सवर आधीच असतो, नाहीतर सोर्सवरून बिल्ड करा. नुसतं जॉन टाइप करून एंटर मारलं की वर व्हर्जन येतं, त्यात जंबो लिहिलेलं असलं की झालं. हॅशकॅट पण चांगलं आहे, ग्राफिक कार्ड असेल तर एसएचए-५१२ ला ते कितीतरी पळतं, पण आपल्या साध्या ऑफिस लॅपटॉपवर जॉन पुरे.

आता इथं बरेच जण फसतात. फाईल येसक्रिप्टची असली आणि जॉनला फॉरमॅट सांगितला नाही तर तो म्हणतो, एकही हॅश लोड झाला नाही, आणि बाहेर पडतो. समोरचा माणूस समजतो काहीच सापडलं नाही म्हणजे पासवर्ड एकदम कडक. अरे, त्यानं बघितलेच नाहीत! येसक्रिप्टसाठी डॅश डॅश फॉरमॅट इक्वल टू क्रिप्ट असं द्यायचं. यात जॉन त्या लॅपटॉपच्या सिस्टीमचीच लायब्ररी वापरतो, म्हणून लॅपटॉपवर दहा वर्षं जुना उबुंटू असेल तर त्याला येसक्रिप्ट कळतच नाही, साधारण सर्व्हरच्याच व्हर्जनचं काहीतरी टाका.

म्हणून माझा नियम, खरी फाईल लावायच्या आधी एक बनावट ओळ. एमकेपासडब्ल्यूडी नावाची कमांड आहे, डेबियन-उबुंटूवर हूइज या पॅकेजमध्ये येते, तिला डॅश एम येसक्रिप्ट सांगून सातारा१२३ सारख्या पासवर्डचा हॅश बनवा, फाईलमध्ये 'नमुना' नावाच्या अकाउंटची ओळ म्हणून चिकटवा. तोच शब्द यादीत देऊन टेस्ट चालवली की हा नमुना पहिल्या झटक्यात सापडला पाहिजे. नाही सापडला तर सेटअपमध्ये गडबड आहे, बाकीच्या निकालाला काही अर्थ नाही.

वेग पण आत्ताच मोजून घ्या, नमुन्याच्या ओळीवर मोठी यादी लावून जॉन चालू असताना एखादं बटण दाबलं की तो स्टेटसच्या ओळीत वेग दाखवतो. सेकंदाला किती अंदाज तपासले जातात तो आकडा कागदावर लिहून ठेवा.

पहिली फेरी: सिंगल मोड

जॉन डॅश डॅश सिंगल, पुढं फाईलचं नाव. हा मोड लॉगिन नाव, पूर्ण नाव, होम फोल्डर घेतो आणि त्यांचीच उलटापालट करून बघतो: उलटं लिहून, दोनदा लिहून, शेवटी आकडे लावून, कॅपिटल करून. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस नावाच्या पोरानं सोडलेला इंटरनेट वर्म नेमकं हेच करायचा, आधी अकाउंटचं नाव आणि त्याचे प्रकार, मग स्वतःसोबत आणलेली ४३२ शब्दांची यादी, आणि तेवढ्यावर त्याला भरपूर अकाउंट उघडता आले. गंमत म्हणजे त्याच्याच वडिलांनी केन थॉम्प्सनबरोबर १९७९ मध्ये लिहून ठेवलं होतं की त्यांनी गोळा केलेल्या ३,२८९ पासवर्डपैकी ८६ टक्के एकतर अगदी आखूड निघाले किंवा डिक्शनरीत, नावांच्या याद्यांत सापडले.

आपल्याकडं अकाउंट१, अकाउंट२, लॅब०७, काउंटर३ अशी लॉगिन नावं असतात आणि सेटअप करणाऱ्यानं घाईत पासवर्ड पण तोच ठेवलेला असतो. ही फेरी लवकर संपते आणि कमी कष्टात जास्त पीक हिच्यातच निघतं.

दुसरी फेरी: आपली वर्डलिस्ट

आधी तयार याद्या. रॉकयू नावाची कंपनी डिसेंबर २००९ मध्ये फुटली, तिच्याकडं सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड साध्या मजकुरात ठेवलेले होते, त्यातले वेगवेगळे काढले तर सुमारे १ कोटी ४३ लाख होतात, ती यादी कालीवर मिळते. वेगवान हॅश असेल तर ती सगळी चालवा, येसक्रिप्ट असेल तर वरचे पन्नास हजार घेऊन सोडून द्या, ती यादी जास्त वापरातल्या पासवर्डपासून कमीकडं लावलेली असते.

मग खरी यादी, जी नेटवर मिळत नाही. कागद घेऊन बसा, शक्यतो ऑफिसातल्या एखाद्या जुन्या माणसाला सोबत घ्या, कारण लोक काय ठेवतात ते त्याला माहीत असतं. देवदेवता: खंडोबा, यमाई, काळूबाई, स्वामी समर्थ, गणपती बाप्पा, विठ्ठल. जयजयकार: जय शिवराय, जय भवानी, जय मल्हार, सगळं सलग. जागा: अजिंक्यतारा, कास, ठोसेघर, सज्जनगड, प्रतापगड, राजवाडा, अकराच्या अकरा तालुके, आणि प्रत्येक स्टाफचं मूळ गाव. सांगलीकडचं ऑफिस असेल तर कृष्णा, मिरज, तासगाव, विटा, जत, हळद, बेदाणा, भडंग. खाण्याचं विसरू नका, कंदी पेढा सुद्धा बऱ्याच ठिकाणी सर्व्हर सांभाळत बसलेला असतो. संस्थेचं नाव, तिचं आद्याक्षरांचं छोटं रूप, मालकाच्या पोरांची नावं, शाळेचं नाव, गणपती मंडळाचं नाव. पिनकोड ४१५००१ आणि ४१६४१६, एसटीडी कोड ०२१६२ आणि ०२३३.

त्यानंतर स्पेलिंग, आणि इथं थोडा वेळ घाला. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायची आपल्याकडं एकच पद्धत नाही. लक्ष्मी कुणी एक्सनं लिहितं, कुणी केएसएचनं. विठ्ठलला एक टी की दोन, मध्ये एच आहे की नाही, शेवटी एक एल की दोन. व ला व्ही पण चालतो, डब्ल्यू पण. ई ला एक आय किंवा दोन ई. ज्ञ ला डीएनवाय किंवा जीवाय. आई हा शब्द एएआय असतो, डबल ए नंतर डबल ई पण असतो. शेवटचा ए कुणी लावतं, कुणी गाळतं. अजिंक्यतारातला मधला ए तर निम्मे लोक खातात. प्रत्येक शब्दाचे तीन-चार प्रकार हातानं किंवा छोट्या स्क्रिप्टनं बनवा, मग सॉर्ट डॅश यू नं डुप्लिकेट काढा.

शेवटी जोड. जॉनच्या कॉन्फिग फाईलमध्ये स्वतःचा रूल्सचा गट बनवता येतो, लिस्ट डॉट रूल्स कोलन आणि पुढं तुम्ही ठेवाल ते नाव. छोटा सी म्हणजे पहिलं अक्षर कॅपिटल कर, डॉलर आणि पुढं अक्षर म्हणजे ते अक्षर शेवटी चिकटव. म्हणजे सी, डॉलर ॲट, डॉलर एक, डॉलर दोन, डॉलर तीन अशी एक ओळ लिहिली की यादीतल्या प्रत्येक शब्दाला @१२३ लागतो. अशा ओळी १२३ च्या, @१२३४ च्या, चालू वर्षाच्या, गेल्या दोन-तीन वर्षांच्या, @११ आणि @१० च्या पण घाला, कारण सातारच्या गाड्या एमएच ११ आणि सांगलीच्या एमएच १० आणि ही अक्षरं लोकांना जीव की प्राण असतात. कराडवाल्यांसाठी ५०.

गणित असं. धरा १,५०० शब्द, प्रत्येकाचे तीन स्पेलिंग, झाले ४,५००. चाळीस प्रकारच्या शेपट्या आणि कॅपिटल-स्मॉल असे दोन, म्हणजे ३ लाख ६० हजार अंदाज. पण प्रत्येक अकाउंटचा सॉल्ट, म्हणजे हॅश बनवताना पासवर्डात मिसळलेली रँडम अक्षरं, वेगळा असतो त्यामुळं एका अकाउंटसाठी काढलेला हॅश दुसऱ्याला चालत नाही, तीस अकाउंट असतील तर तीसनं गुणा: १ कोटी ८ लाख. लॅपटॉप सेकंदाला हजार बघत असेल तर तीन तास. येसक्रिप्टला सेकंदाला पन्नासच होत असतील तर अडीच दिवस. वेग मोजायला लावला तो याचसाठी. अडीच दिवस नको असतील तर शेपट्या कमी करा आणि सुडोवाले अकाउंट तेवढे वेगळे काढून त्यांच्यावरच पूर्ण यादी चालवा, बाकीच्यांना अर्धी.

तिसरी फेरी: जन्मतारीख, गाडी, मोबाईल

हे शब्द नाहीत, साचे आहेत, म्हणून जॉनचा मास्क मोड. प्रश्नचिन्ह डी म्हणजे एक आकडा, प्रश्नचिन्ह यू म्हणजे एक कॅपिटल अक्षर.

जन्मतारीख आठ आकड्यांत लिहिली तर साठ वर्षांच्या मिळून जेमतेम बावीस हजार तारखा. सेकंदाला हजारनं बावीस सेकंद, संपला विषय. यासाठी मास्कपेक्षा छोट्या स्क्रिप्टनं तारखांची यादीच बनवा, नाहीतर ९९ तारीख आणि ९९ वा महिना पण तपासत बसेल.

गाडीचा नंबर: एमएच११, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. ६७६ गुणिले दहा हजार, म्हणजे ६७ लाख ६० हजार, एका अकाउंटला दोन तासांच्या आत. बघायला गेलं तर दहा अक्षरी पासवर्ड, कॅपिटल आणि आकडे दोन्ही, आणि किंमत दोन तास. शिवाय ती गाडी ऑफिसच्या दारातच उभी असते.

मोबाईल नंबर सगळे तपासायचे तर सहा ते नऊनं सुरू होणारे चारशे कोटी, हजारच्या वेगानं एका अकाउंटला दीड महिना. कशाला? स्टाफच्या नंबरांची यादी ऑफिसात असतेच, ती घाला, घरच्यांचे माहीत असतील तर ते घाला, पुढं जा.

इन्क्रीमेंटल मोड, म्हणजे अक्षरांच्या सगळ्याच जोडण्या, तो आपल्या कामाचा नाही. डॉलर सहा किंवा येसक्रिप्टवर तो लॅपटॉपवर महिनाभर चालवलात तरी वीजबिलाशिवाय हाती फारसं लागत नाही. टेस्टची मुदत आधीच ठरवा, माझ्या मते साध्या अकाउंटला एक रात्र आणि सुडोवाल्यांना एक शनिवार-रविवार बास. मध्येच थांबवायचं असेल तर डॅश डॅश सेशन देऊन नाव ठेवा, नंतर डॅश डॅश रिस्टोअरनं तिथूनच पुढं चालू होतं.

निकाल कसा बघायचा, म्हणजे कसा नाही बघायचा

जॉन डॅश डॅश शो मारलं की अकाउंट आणि त्याच्यासमोर उघडा पासवर्ड, सगळ्या स्क्रीनवर. मागं कुणी उभं असेल तर झालंच. माणसं तोच पासवर्ड मेलला, बँकेला, घरच्या वायफायला वापरतात हे लक्षात ठेवा, आणि काही पासवर्ड इतके खाजगी असतात की ते आपल्याला माहीतच नसलेले बरे. म्हणून शोचं आउटपुट पाइपनं कट कमांडला द्या, डॅश डी कोलन, डॅश एफ एक. फक्त नावं येतात. रिपोर्टला तेवढंच लागतं.

एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे, एकच पासवर्ड किती जणांचा आहे. सॉल्टमुळं हॅश बघून ते कळत नाही. शोच्या आउटपुटमधला दुसरा रकाना काढून सॉर्ट आणि युनिक डॅश सी, मग त्यातला फक्त आकडा बघा. बारा जणांचा एकच निघाला तर तो माणसांचा दोष नाही, अकाउंट काढणाऱ्यानं दिलेला डिफॉल्ट आहे, आणि दुरुस्ती तिथं करायची.

रिपोर्टमध्ये नाव, सापडायला लागलेला वेळ साधारण किती, आणि प्रकार एवढंच लिहा: लॉगिन नावच होतं, गावाचं नाव होतं, गाडीचा नंबर होता. साहेब म्हणतात "अमक्याचा काय होता सांग की." तेव्हा पत्रातली ती ओळ दाखवायची.

काम झालं की जोडलेली फाईल, शॅडोची कॉपी, जॉनच्या फोल्डरमधली पॉट फाईल आणि लॉग, सगळं काढून टाका. पॉट फाईलमध्ये सापडलेले पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. एसएसडीवर श्रेडचा भरवसा नाही, म्हणून सगळं काम देव्ह-एसएचएम या रॅममधल्या फोल्डरमध्येच केलेलं सगळ्यात सोपं, फक्त लाईट गेली तर सगळं गेलं, त्यामुळं लॅपटॉप चार्ज ठेवा आणि स्वॅप बंद.

सापडलेल्या अकाउंटचं काय करायचं

सुडो चेज, डॅश डी शून्य, आणि अकाउंटचं नाव. पुढच्या लॉगिनला त्याला नवीन पासवर्ड ठेवायलाच लागतो. पण हे सरसकट करू नका. ज्या अकाउंटवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप होणारं काम, चालतो, उदाहरणार्थ रात्रीचा बॅकअप, त्याचा पासवर्ड एक्स्पायर झाला की क्रॉन गुपचूप बंद पडतो आणि कळतं ते महिन्यानं, बॅकअप लागतो तेव्हा. अशा अकाउंटला मुळात पासवर्डची गरजच नसते, पासडब्ल्यूडी डॅश एल नं लॉक करा आणि दुसऱ्या दिवशी क्रॉन चालला का बघा.

माणसांशी बोलताना चारचौघांत नको. टेबलाशी जाऊन "तुमचा बदलून घ्या" एवढंच, आणि बदलायचा म्हणजे काय तेही सांगा, नाहीतर १२३ चं १२४ होतं. मी फाशांची पद्धत सांगतो: ६ चा फासा पाच वेळा टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एक शब्द, असे पाच शब्द. यादी इंग्रजीच पाहिजे असं नाही, घरातले, शेतातले मराठी शब्द घेऊन स्वतःची करा, पण शब्द फाशानं निवडायचा, मनानं नाही. म्हण किंवा अभंगाची ओळ ठेवू नका, ती लांब असली तरी सगळ्यांना पाठ असते.

मग पुढं असे पासवर्ड आत येऊच नयेत म्हणून पीडब्ल्यूक्वालिटी, नवीन पासवर्ड ठेवतानाच तो तपासणारं. डेबियन-उबुंटूवर लिब-पॅम-पीडब्ल्यूक्वालिटी हे पॅकेज, सेटिंग इटीसी-सिक्युरिटी फोल्डरमधल्या पीडब्ल्यूक्वालिटी डॉट कॉन्फमध्ये. मिनलेन डिफॉल्टला ८ असतं, ते १४ करा. कॅपिटल-आकडा-चिन्हाची सक्ती मी काढून टाकतो, एनआयएसटी या अमेरिकेतल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेनं पण २०१७ च्या गाईडलाईनमध्ये ती सक्ती आणि ठराविक काळानं बदलायची सक्ती दोन्ही नको म्हटलंय, कारण त्यातूनच हे @१२३ जन्माला येतात. त्याच फाईलमध्ये बॅडवर्ड्स नावाची ओळ आहे, तिथं स्पेस देऊन शब्द लिहिले की ते असलेला पासवर्ड नाकारला जातो. आपली गावं-देव-संस्था यादीतले ठळक शब्द तिथं टाका, सगळ्या स्पेलिंगसकट.

आणि एनफोर्स-फॉर-रूट ही ओळ चालू करा. ही नसेल तर रूटनं दुसऱ्याचा पासवर्ड ठेवताना नुसतं बॅड पासवर्ड असं येतं आणि पासवर्ड तरीही सेट होतो. आपल्याकडं सगळ्यांचे पासवर्ड रूटनंच ठेवलेले असतात, म्हणजे सगळं सेटिंग करून उपयोग शून्य. तपासायला पीडब्ल्यूस्कोअर ही कमांड आहे, तिला पासवर्ड दिला की शंभरपैकी मार्क देते किंवा का नाकारला ते सांगते. इको लावून देऊ नका, हिस्टरीत राहतो, नुसती कमांड चालवा आणि मग टाइप करा.

बाहेरून अंदाज लावणाऱ्यांसाठी फेललॉक, पासवर्ड चुकत राहिला की अकाउंट काही वेळ बंद करणारं, डिफॉल्टला तीन चुकांनंतर दहा मिनिटं बंद. बिलिंग काउंटरवर तीन फार कडक होतं, तिथं पाच करा. सर्व्हरला एसएसएच उघडा असेल तर पासवर्डनं लॉगिनच बंद करून एसएसएच-की, म्हणजे किल्लीची फाईल वापरा.

फ्रीबीएसडी असेल तर शॅडोऐवजी मास्टर डॉट पासडब्ल्यूडी, त्यात सगळं एकत्रच असतं, अनशॅडो लागत नाही. मॅकवर हॅश वेगळ्या फाईलींत आणि वेगळ्या पद्धतीचे असतात, जंबोमध्ये ते काढायची स्क्रिप्ट येते, पण दोन-चार मॅकसाठी एवढं करण्यापेक्षा पासवर्ड बदलून घेतलेला परवडतो.

परत कधी करायचं म्हणाल तर नवीन बॅचची अकाउंट काढल्यावर, सेटअप करणारा माणूस बदलल्यावर, आणि कुणी सोडून गेलं की लगेच. यादी फेकू नका, ती जपून ठेवा, दरवेळी चार शब्द वाढतात, नवीन आमदार येतो, नवीन गाडी येते, पोरांची बारशी होतात.